बलुतं, उचल, कोयता : समाजसिद्धान्ताच्या मराठी घरासंबंधी

एम. ए. मराठीच्या वर्गात 'साहित्य आणि समाज' हा घटक शिकवण्याची वेळ आली की क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी तेन आणि त्याची वंश, परिस्थिती व काळ ही त्रयी. मग मार्क्स, पाया आणि इमला. मग लुकाच, गोल्डमन. वेळ उरलाच तर दुर्खीम आणि वेबर यांची एकेक व्याख्या. एवढे झाले की 'मराठीतील समाजशास्त्रीय समीक्षा' या मथळ्याखाली ग्रामीण आणि दलित साहित्यातील उदाहरणे येतात. सिद्धान्त पॅरिस, लंडन आणि हायडेलबर्गचा. उदाहरण मात्र अकोल्याचे, फलटणचे, फार तर आष्टी-पाटोद्याकडचे. ही विभागणी विद्यार्थ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की सिद्धान्त हा मराठीत करण्याचा प्रकारच नव्हे, तो मराठीत फक्त लागू करायचा असतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. आणि ही समजूत केवळ विद्यार्थ्यांची आहे असे मानण्याचे कारण नाही.

या विभागणीविषयी आमची तक्रार आहे. प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही देशीवादाचा झेंडा घेऊन उभे नाही. मार्क्स वा वेबर परका म्हणून टाळावा, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पुढे त्यांच्याशिवाय आमचेही पान हलणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. आधुनिक समाजसिद्धान्ताच्या घडणीचा जो इतिहास आपण सांगतो त्यात मराठी मुलखाचा भाग दोनदा गाळला जातो. युरोपीय सिद्धान्ताचा कच्चा माल म्हणून तो गाळला जातो, आणि स्वतः सिद्धान्त करणारी भाषा म्हणूनही.

कच्च्या मालाची गोष्ट आधी सांगतो. १८१९ साली टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी या गावाचे तपशीलवार वर्णन लिहिले. गावात किती घरे, कोणत्या जाती, कोणाला किती वाटा, कुणब्याच्या घरात भांडी कोणती. ते १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापले गेले. पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झाले असताना एका मराठी गावाचा असा पट मांडला गेला होता. त्यानंतरची काही दशके हिंदुस्थानातील 'ग्रामसमाज' हा युरोपीय विचारवंतांचा आवडता विषय झाला. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांची टिपणे, अहवाल आणि इतिहास यांवरून मार्क्सने १८६७ च्या 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात हिंदी खेड्याचे चित्र काढले. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, जोशी असे दहाबारा जण साऱ्या गावाच्या खर्चाने पोसले जातात, हे त्याने नोंदवले आणि आशियाई समाजाच्या स्थैर्याचे रहस्य त्यात शोधले. हेन्री मेनचा पूर्व-पश्चिमेकडील ग्रामसमाजांवरचा ग्रंथ १८७१ चा. आधुनिकता म्हणजे काय हे ठरवण्यासाठी 'आधुनिक नसलेले' काहीतरी समोर ठेवावे लागते. युरोपीय सिद्धान्ताने जे समोर ठेवले त्यात आपली गावे होती. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत यावा, तसाच हा व्यवहार झाला. (घुर्ये यांनी १९६० साली त्याच लोणीकंदचा पुन्हा अभ्यास करून सव्वाशे वर्षांतला फरक मांडला. हे पुस्तक आमच्याकडच्या फारच थोड्या ग्रंथालयांत सापडते, आणि सापडले तर इंग्रजीच्या कपाटात.)

आता दुसरी गोष्ट. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील नोकरीमुळे गावोगाव हिंडलेला, कागद आणि माणूस दोन्ही वाचता येणारा हा लेखक. मराठीचे प्राध्यापक त्याला ओळखतात ते गद्यासाठी. त्याची ठसठशीत भाषा, म्हणींचा साठा, खेड्यातील शब्दसंपत्ती यांचे कौतुक आपण करतो, आणि पुढे जातो. समाजशास्त्राचे प्राध्यापक त्याला फारसे ओळखत नाहीत, कारण तो मराठीत आहे आणि त्याच्या शेवटी संदर्भसूची नाही. दोन विभागांच्या मधल्या व्हरांड्यात हा ग्रंथ शंभराहून अधिक वर्षे उभा आहे.

'गावगाड्या'त बलुतेदारांची थोरली, मधली आणि धाकटी कास येते, अलुत्यांची यादी येते, गावावर येणारे फिरस्ते, मागते, बैरागी यांचा हिशेब येतो. परंतु ती नुसती यादी नाही. त्या यादीला एक सिद्धान्तसूत्र आहे. आत्र्यांच्या मते गावगाड्याचे ओझे शेवटी कुणब्याच्या खांद्यावर पडते. आणि बलुतेदाराचे काम वंशपरंपरागत वतन असल्यामुळे काम चांगले झाले काय नि वाईट झाले काय, त्याच्या हक्काला धक्का लागत नाही. वतन कसबाला मारते, असा हा विचार आहे. याच सुमारास युरोपात काय चालले होते ते पाहावे. दुर्खीमचा श्रमविभागणीवरील ग्रंथ १८९३ चा. श्रमविभागणीतून आधुनिक समाजात परस्परावलंबनाची एकात्मता निर्माण होते, हा त्याचा मुख्य सिद्धान्त आपण शिकवतो. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात लादलेल्या श्रमविभागणीचे प्रकरण आहे, आणि तेथे जातीचा उल्लेख आहे. जेथे माणसाचे काम त्याच्या गुणांवरून ठरत नाही तेथे श्रमविभागणी एकात्मता निर्माण करीत नाही, असे दुर्खीम म्हणतो. आत्र्यांनी दुर्खीम वाचला असेल असे समजण्याचे कारण नाही. तरी दोघे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि आत्र्यांच्या हाताशी खळ्यावरचा पुरावा आहे.

आत्र्यांचा पक्षपात लपलेला नाही. ते कुणब्याच्या नजरेने गाव पाहतात. महार, मांग, रामोशी यांच्याकडे पाहताना त्या काळच्या महसुली अधिकाऱ्याची नजर सुटत नाही. 'गुन्हेगार जाती' हे पुस्तकही त्यांचेच. शिवाय त्यांचे गाव मुंबई इलाख्यातले, रयतवारीतले. आमचा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जहागिरी १९४९ साली रद्द झाल्या. देशमुखी, जहागीर आणि वतन यांचा इकडचा गुंता पुणे-नगरकडच्या गुंत्यासारखा नव्हता. म्हणून 'गावगाडा' उचलून अंबाजोगाई किंवा गेवराईवर ठेवता येत नाही. पण सिद्धान्त म्हणून एखादा ग्रंथ वाचायचा म्हणजे हेच करायचे असते. कुठे बसतो, कुठे बसत नाही, का बसत नाही, हे पाहायचे असते. गोल्डमनवर आपण ही तसदी घेतो. आत्र्यांवर घेत नाही.

याच्या पुढचा भाग तर अधिकच बोलका आहे. १९३६ साली विल्यम वायझर या अमेरिकी मिशनऱ्याचे उत्तर प्रदेशातील एका गावावरचे पुस्तक आले आणि 'जजमानी व्यवस्था' हा शब्द समाजशास्त्रात रूढ झाला. पुढे तो साऱ्या हिंदुस्थानचा झाला. आज पदवीच्या मराठी क्रमिक पुस्तकांतही आधी जजमानी व्यवस्था शिकवली जाते आणि मग 'महाराष्ट्रात हिलाच बलुतेदारी म्हणतात' असे एक वाक्य येते. हे वाक्य चुकीचे आहे. जजमानीत विशिष्ट कुटुंबाचे विशिष्ट कुटुंबाशी नाते असते. बलुतेदार हा गावाचा असतो. त्याचे वतन गावाकडे असते आणि वाटा साऱ्या खळ्यांवर असतो. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने मराठी कागदपत्रांच्या आधारे १९७२ साली एका दीर्घ लेखात हे दाखवून दिले की अठराव्या शतकातील महाराष्ट्रातील ग्रामसेवक प्रामुख्याने गावाचे सेवक होते, कुटुंबाचे नव्हेत. आणि त्यासाठी त्यांनी वेबरची परिभाषा वापरली. 'गावगाडा' वायझरच्या एकवीस वर्षे आधीचा. त्यातला 'बलुतं' हा शब्द नीट उलगडला असता तरी हा फरक हाती लागला असता. शब्द आमच्याकडे होता, त्याचा सिद्धान्तातला अर्थ आम्हांला टोकियोहून कळला. फुकाझावांविषयी आम्हांस आदरच आहे. प्रश्न आपल्या दोन विभागांमधल्या त्या व्हरांड्याचा आहे.

१९७८ साली हाच शब्द एका आत्मकथनाचे शीर्षक झाला. दया पवारांच्या 'बलुतं'वर एवढे लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची इच्छा नाही. एकच मुद्दा मांडतो. आत्र्यांचे बलुते आणि पवारांचे बलुतं हे एकाच संस्थेचे दोन टोकांनी केलेले विश्लेषण आहे. आत्र्यांकडे बलुते हा कुणब्यावरचा भार आहे. पवारांकडे ज्याच्या पदरात ते पडते त्याच्यासाठी तो हक्कही आहे आणि अपमानही आहे, आणि या दोन गोष्टी सोडवून वेगळ्या करता येत नाहीत. हक्क घ्यायचा तर पदर पसरावा लागतो. पदर पसरायचा नाही तर हक्क सोडावा लागतो. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. त्यासाठी बाबासाहेब १९२० च्या दशकापासून झगडत होते, आणि महार समाजातल्याच अनेकांना वतन सोडणे जड जात होते. या पेचाचे समाजशास्त्रीय विवेचन कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा 'बलुतं'मध्ये अधिक स्पष्ट आहे. हे पुस्तक वर्गात 'दलित आत्मकथनाचे उदाहरण' म्हणून लागते. 'गावगाडा' शेजारी ठेवून ते समाजसंस्थेचे विश्लेषण म्हणून लागलेले आमच्या पाहण्यात नाही.

येथे केतकरांचे नाव घेतले पाहिजे, थोडक्यातच. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला शिकले. त्यांचा जातीच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ चा. परत आल्यावर त्यांनी ज्ञानकोश केला आणि कादंबऱ्या लिहिल्या. मराठी समीक्षेने त्या कादंबऱ्यांना 'कलादृष्ट्या सदोष, विचारदृष्ट्या महत्त्वाच्या' असा शेरा मारून निकालात काढले. समाजशास्त्रज्ञ कादंबरी का लिहू लागतो, कोणता विचार निबंधात मावत नाही म्हणून त्याला 'ब्राह्मणकन्या' लिहावी लागते, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. इरावती कर्व्यांच्या बाबतीत उलटे झाले. त्यांचे ललितगद्य आपण घेतले आणि नातेसंबंधांवरचा १९५३ चा ग्रंथ समाजशास्त्राकडे सोपवला. जणू 'परिपूर्ती' लिहिणारी बाई वेगळी आणि तो ग्रंथ लिहिणारी वेगळी. फुल्यांचे तर बोलायलाच नको. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. नोकरशाही, धर्मविधी आणि शेतीची लूट यांना एकाच साखळीत बसवणारे विश्लेषण म्हणून त्याची बरोबरी करणारे त्या काळात हिंदुस्थानात दुसरे काही नाही, असे आम्हांला वाटते. तरीही समाजशास्त्राच्या उगमाच्या प्रकरणात १८८३ हे साल येत नाही. येतो तो १९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू झालेला विभाग. विभागापासून शास्त्र सुरू होते, असे मानण्याची ही सवय.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्याच काळात, १९१६-१७ मध्ये, मॅक्स वेबरचे हिंदू धर्मावरील लेख जर्मन नियतकालिकात येत होते. वेबर कधीही हिंदुस्थानात आला नाही. शिरगणतीचे अहवाल आणि अनुवाद यांवर त्याने काम केले. आत्रे, आंबेडकर, वेबर ही तिन्ही नावे तीन वर्षांच्या आत येतात. यांपैकी सिद्धान्तकार म्हणून अभ्यासक्रमात कोण आहे आणि 'समाजसुधारक' व 'गद्यलेखक' म्हणून कोण, हे वाचकांना सांगायला नको.

आंबेडकरांचा तो निबंध विद्यार्थ्यांपुढे ठेवताना आम्हांला नेहमी जाणवते ते त्याचे गणिती स्वरूप. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर या पूर्वसूरींच्या व्याख्या तपासून ते म्हणतात की जातीचे सार अंतर्विवाहात आहे. बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाह लादला गेला आणि जात जन्मली. आता एखाद्या गटाने स्वतःला बंद करून घ्यायचे ठरवले, तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा आधी मेला तर एक स्त्री 'अतिरिक्त' होते. बायको आधी मेली तर एक पुरुष. या अतिरिक्त माणसांचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उलगडा ते या एका प्रश्नातून करतात. या चालींचे धार्मिक गौरवीकरण नंतरचे; आधी आहे ती संख्येची अडचण. मग एका वर्गाने दार लावून घेतल्यावर इतरांनी त्याचे अनुकरण कसे केले, हे सांगताना त्यांनी तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणनियमांचा आधार घेतला. श्रीनिवासांची संस्कृतीकरणाची संकल्पना १९५२ ची. दोन्हींत फरक आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. तथापि, छत्तीस वर्षे आधी अनुकरणाला जातीच्या प्रसाराचे यंत्र म्हणून मांडणारा निबंध उपलब्ध असताना त्याची चर्चा न करता संस्कृतीकरण शिकवले जावे, हे आश्चर्याचे आहे.

या ठिकाणी गोपाळ गुरूंचा लेख आठवल्याशिवाय राहत नाही. २००२ साली त्यांनी विचारले की भारतातील समाजशास्त्रे कितपत समतावादी आहेत. सिद्धान्त करणारे ब्राह्मण आणि तपशील गोळा करणारे शूद्र अशी वर्णव्यवस्था विद्याक्षेत्रातच तयार झाली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिद्धान्ताची जागा कविता घेऊ शकत नाही, असेही त्यांनी बजावले. हा दुसरा भाग आम्हां साहित्याच्या शिक्षकांना झोंबणारा आहे. आपण वर्षानुवर्षे असे सांगत आलो की दलित कवितेने आणि आत्मकथनांनी जे सांगितले ते कोणत्याही समाजशास्त्राला सांगता आले नाही. गुरू म्हणतात, हे समाधान फार स्वस्त आहे. अनुभव कितीही जळजळीत असला तरी त्यातून सर्वसाधारण संकल्पना घडवण्याचे कष्ट टळत नाहीत, आणि ते कष्ट दुसऱ्यांवर सोपवले की वर्णव्यवस्था जागच्या जागी राहते. शर्मिला रेगे यांनी २००६ च्या ग्रंथात दलित स्त्रियांची आत्मकथने, बेबी कांबळ्यांचे 'जिणं आमुचं', कुमुद पावड्यांचे 'अंतःस्फोट', ऊर्मिला पवारांचे 'आयदान', ज्या रीतीने वाचली ती या आक्षेपाला दिलेली एक दिशा आहे. त्यांनी या पुस्तकांकडे जात आणि स्त्रीत्व यांच्याविषयीचे ज्ञान म्हणून पाहिले. आम्ही रेगे यांच्या बाजूचे आहोत, पण गुरूंचा आक्षेप सुटला असे म्हणत नाही. आत्मकथनात ज्ञान आहे, हे म्हटल्यावर ते ज्ञान कोणत्या संकल्पनेत, कोणत्या शब्दात साठले आहे हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. शरद पाटलांनी 'दास-शूद्र गुलामगिरी' आणि 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' यांत ती घेतली. त्यांची व्युत्पत्तिशास्त्रीय अनुमाने पुष्कळदा ताणलेली वाटतात, पण शब्दाच्या पोटात संस्था दडलेली असते हा त्यांचा आग्रह योग्य होता.

तर असा एक शब्द घेऊ. कोयता.

बीड जिल्ह्यात हा शब्द अवजाराचा आहे हे खरे, पण ऊसतोडीच्या व्यवहारात तो अवजाराच्या पुढे गेला आहे. तेथे कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून होणारे जोडपे. मुकादम टोळीत 'इतके कोयते' धरतो, उचल कोयत्यावर ठरते, तोडीचा दर टनावर आणि हिशेब कोयत्याच्या नावे. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. कामावर एक दिवस न येणे म्हणजे 'खाडा', आणि खाड्याचा दंड. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात व उन्हाळ्यात परततात. ज्या सहकारी साखर कारखानदारीने त्यांना खेचले तिचा आरंभ १९५०-५१ च्या सुमारास प्रवरेच्या काठी, नगर जिल्ह्यातील लोणीला झाला. (कोट्सची लोणी ती नव्हे, योगायोग मात्र गमतीचा.) सहकार हा मराठी समाजविचारातला अभिमानाचा विषय. त्यावर धनंजयराव गाडगिळांपासून विपुल लेखन झाले, आणि त्या लेखनात उसाचा भाव, सभासद, मळी, पाणी सर्व आहे. कोयता अगदी उशिरा आला.

या शब्दापुढे अभिजात सिद्धान्त आणून उभे केले की काय होते ते पाहण्यासारखे आहे. वेबरच्या मते आधुनिक भांडवलशाहीची एक पूर्वअट म्हणजे घर आणि उद्योग यांची फारकत. साखर कारखाना तर पूर्ण आधुनिक उद्योग आहे. यंत्रे, ताळेबंद, कर्ज, बाजार. पण त्याच्या फडात श्रमाचा मूळ घटकच घर आहे. फारकत झालेली नाही. कारखान्याला ती नकोच आहे. मार्क्सचा मजूर दुहेरी अर्थाने 'मुक्त' असतो. साधनांपासून मुक्त आणि बंधनापासूनही मुक्त, म्हणून तो व्यक्ती या नात्याने आपली श्रमशक्ती विकतो. येथे विकणारी व्यक्ती कोठे आहे? हिशेबात बाईचे वेगळे नाव नाही; ती कोयत्याचा अर्धा भाग. आणि बंधन उचलीचे आहे. यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे खानदेशातून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला आणि पुढे अशा श्रमसंबंधांना नवे बंधकत्व म्हटले. जुना हाळी जन्मभर एका धन्याचा असे आणि धन्याकडून काही राखण अपेक्षित असे. नवे बंधकत्व हंगामापुरते असते आणि त्यात राखण नसते.

आमच्या मते याच्याही पुढे एक पाऊल टाकता येते, आणि ते टाकण्यासाठी मराठी शब्दच उपयोगी पडतात. बलुतं कामानंतर मिळते, खळ्यावर, रास झाल्यावर. उचल कामाआधी मिळते. बलुतं हक्काचे, अपमानासह, उचल कर्जाची. बलुतेदार गावाचा असतो. उचल घेतलेला माणूस मुकादमाचा असतो आणि कारखान्याचा कोणीच नसतो. एका शतकात मराठवाड्यातील श्रमाची घडण 'नंतर'कडून 'आधी'कडे आणि गावाकडून मुकादमाकडे सरकली, असे या दोन शब्दांची तुलना सांगते. याला दुजोरा द्यायचा की ते खोडायचे, हे क्षेत्रपाहणीने ठरेल. पण प्रश्न या शब्दांतूनच निघाला. जजमानी आणि बंधकत्व या शब्दांतून तो या रूपात निघाला नसता.

आणि मग आंबेडकरांचे गणित पुन्हा आठवते. जोडपे हाच श्रमाचा घटक असेल तर अविवाहित मुलगा अर्धा कोयता आणि विधवा बाईही अर्धा कोयता. पूर्ण होण्यासाठी लग्न. या जिल्ह्यात मुलींची लग्ने लहान वयात का लागतात, याची कारणे एकाहून अधिक आहेत. तरुण मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा आईबापांचा प्रश्न त्यांत मोठा आहे. पण नव्या कोयत्यावर मिळणारी उचल हेही कारण आहे, आणि ते प्रथेच्या अज्ञानाचे नसून हिशेबाचे आहे. १९१६ च्या निबंधात बालविवाह जातीच्या दाराआडची संख्या सांभाळतो; येथे तो जातीची संख्या आणि फडाची संख्या दोन्ही सांभाळतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. आंबेडकरांच्या गणितात स्त्री अतिरिक्त होते ती नवरा मेल्यावर. येथे ती जन्माआधीच अतिरिक्त ठरली, आणि वीस वर्षांनी अतिरिक्त होणार तो पुरुष. जे गणित मांडण्यासाठी त्यांनी सती आणि वैधव्य घेतले, ते सोनोग्राफीच्या काळात कसे मांडायचे, हा अजून कोणी नीट न घेतलेला सैद्धान्तिक प्रश्न आहे.

२०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. वर्तमानपत्रांनी या बातमीला वेदनेची भाषा दिली, आणि ती साहजिक होती. पण 'खाडा' हा शब्द समजून घेतल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही. पाळीच्या दिवसांत, आजारपणात काम बुडाले तर दंड. दंड उचलीत मिळवला जातो. उचल फिटली नाही तर पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे. शरीर हिशेबात आणण्याचा हा प्रकार आहे. त्यात डॉक्टरांचा लोभ आहे, अपुरी सरकारी आरोग्यसेवा आहे, भीती आहे. तरी या सर्वांना जोडणारा दोरा त्या दोन अक्षरी शब्दात आहे. युरोपातील पन्नास वर्षांची शरीर आणि सत्ता यांवरची चर्चा आपल्याला येथे मदत करील, यात शंका नाही. पण तिला 'खाडा' ठाऊक नाही.

साहित्याच्या विभागाने यात काय करायचे? समाजशास्त्र आपण शिकवू नये, तो आपला अधिकार नाही, असे काही सहकारी म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. पाहणी, नमुना, सांख्यिकी हे आपले काम नव्हे. शब्द हे मात्र आपले काम आहे. एखादा शब्द कोणाच्या तोंडी कोणत्या अर्थाने येतो, मुकादम 'कोयता' म्हणतो तेव्हा आणि बाई 'आमचा कोयता' म्हणते तेव्हा काय बदलते, 'उचल' या क्रियापदातला उचलणारा कोण, हे ऐकण्याचे प्रशिक्षण मराठीच्या वर्गाइतके दुसरीकडे मिळत नाही. आणि आमच्या वर्गात बसणाऱ्यांपैकी अनेकांना हे शब्द कोशातून शिकावे लागत नाहीत. 'समाज प्रबोधन पत्रिका' किंवा 'नवभारत'सारख्या नियतकालिकांनी एकेकाळी विभागांच्या भिंती न मानता जे लेखन छापले त्याला आज लेखक मिळत नाहीत अशी ओरड असते. लेखक तिसऱ्या बाकावर बसलेला असतो आणि आपण त्याला तेनची त्रयी सांगत असतो.

आमची सूचना मर्यादित आहे. एम. ए.च्या प्रकल्पासाठी 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील समाजचित्रण' हा विषय काही वर्षे बंद ठेवावा. त्याऐवजी 'गावगाडा' आणि 'बलुतं' एकत्र लावावेत, आंबेडकरांचा १९१६ चा निबंध त्यांच्या शेजारी ठेवावा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने श्रमव्यवहारातील पाच शब्दांच्या नोंदी लिहाव्यात. शब्द, तो कोण कोणाला म्हणतो, पैसे त्यात कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जातात, आणि दुसरा शब्द का वापरत नाहीत. कोशात सापडणारा अर्थ शेवटी लिहायचा. मार्गदर्शकाने फक्त एक पथ्य पाळायचे. नोंद पुरी होईपर्यंत मार्क्स किंवा वेबर सुचवायचा नाही. झाल्यावर जरूर सुचवायचा. जून-जुलैत विषय दिला तर नोंदी दसऱ्याच्या आत पुऱ्या करून घ्याव्या लागतील. टोळ्या निघाल्यानंतर काहींना धाकट्या भावंडांसाठी घरी थांबावे लागते आणि काही स्वतःच गाडीत बसतात. त्यांच्या परीक्षेचे अर्ज मित्र भरतात.